पेशीपटल गळतेच, तर मग पेशी पंपावर एवढी ऊर्जा का खर्च करते?

टिळकवाडी_शिकवणी:

नमस्कार मंडळी. बेळगावात प्रथम पीयूसीच्या (म्हणजे अकरावीच्या) मुलांना मी जीवशास्त्र शिकवते. माझ्याकडे येणारी बरीच मुले खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी शाळांतून दहावी होऊन आलेली असतात. पीयूसीला सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात आणि हुशार मुलेही सुरुवातीला वर्गात तोंड उघडत नाहीत. म्हणून धडा आधी मराठीत नीट समजावून सांगायचा आणि मग पुस्तकाकडे वळायचे, असा माझा शिरस्ता आहे. पेशीपटलातून होणारे सक्रिय वहन शिकवताना जांबोटी भागातल्या एका मुलीने जो प्रश्न विचारला, त्याचे समाधानकारक उत्तर मला पुस्तकात सापडले नाही, म्हणून तो येथे मांडत आहे.

तिचे म्हणणे असे की, पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असते, बाहेर त्याच्या उलट असते, आणि ही तफावत टिकवण्यासाठी पटलातला पंप सतत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन, खर्च करत असतो. पण त्याच पटलात पोटॅशियमला बाहेर जायला वाटा आहेत आणि सोडियमला आत यायलाही वाटा आहेत. त्या वाटा मुळातच ठेवल्या नसत्या, तर एकदा तफावत तयार झाल्यावर पंपाची गरजच उरली नसती. मग पेशीने असा नुकसानीचा व्यवहार का पत्करला? पुस्तकात कमी संहतीकडून (द्रावणातल्या प्रमाणाकडून) जास्त संहतीकडे ऊर्जा खर्चून होणारे वहन एवढी व्याख्या आहे, आणि ती या प्रश्नाला स्पर्शही करत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खानापूर_निवृत्त_शिक्षक:

मॅडम, त्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. उत्तराकडे वळण्याआधी ही तफावत केवढी आहे ते आकड्यांत पाहिलेले बरे. माणसाच्या रक्तद्रवात सोडियम लिटरमागे सुमारे 145 मिलिमोल असते, तर बहुतेक पेशींच्या आत ते 10 ते 15 मिलिमोल एवढेच असते. पोटॅशियम बाहेर 4 ते 5 आणि आत 140 च्या आसपास असते. शिवाय पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणप्रभारित असते, आणि चेतापेशीत विश्रांतीच्या वेळी हा फरक सुमारे 70 मिलिव्होल्ट भरतो. म्हणजे सोडियमच्या धन आयनाला आत खेचणाऱ्या दोन गोष्टी आहेत, एक संहतीतला फरक आणि दुसरा विद्युतप्रभार. त्याला बाहेर काढायचे तर या दोन्हींच्या विरुद्ध काम करावे लागते.

हे काम करणारे प्रथिन पटलात आरपार बसलेले असते. त्याचे तोंड आतल्या बाजूला असताना ते तीन सोडियम आयन धरते आणि एटीपीचा एक फॉस्फेट गट स्वतःला जोडून घेते. त्यामुळे त्याचा आकार बदलतो, तोंड बाहेरच्या बाजूला उघडते आणि सोडियम सुटते. या बदललेल्या आकारात त्याची पोटॅशियमवरची पकड घट्ट असते, म्हणून बाहेरचे दोन पोटॅशियम आयन येऊन बसतात, फॉस्फेट गळून पडतो, प्रथिन मूळ आकारावर येते आणि पोटॅशियम आत सोडले जाते. एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, असा हा हिशेब आहे.

वर्गात मी याचा खर्च मुलांकडून फळ्यावर काढून घेत असे, कारण आकडेमोड केल्याशिवाय या पंपाची खरी थोरवी कळत नाही. शरीराच्या तापमानाला, वर दिलेल्या संहती धरल्या, तर एक मोल सोडियम बाहेर काढायला साधारण 13 किलोज्यूल लागतात. पोटॅशियम आत घेताना विद्युतप्रभार मदतीला असल्यामुळे मोलमागे अडीच किलोज्यूलच्या आतच काम भागते. तीन सोडियम आणि दोन पोटॅशियम मिळून खर्च सुमारे 44 किलोज्यूल होतो, आणि जिवंत पेशीतल्या परिस्थितीत एक मोल एटीपीच्या विघटनातून साधारण 50 ते 55 किलोज्यूल मिळतात. मिळालेल्या ऊर्जेतला इतका मोठा हिस्सा कामी लावणारे यंत्र माणसाला क्वचितच बांधता आले आहे.

आता मूळ प्रश्न. गळती ही पंपाची अडचण आहे असे मानले की प्रश्न सुटत नाही. ज्या वाटांनी सोडियम आत येते त्यांतल्या बहुसंख्य वाटांवर पेशी काहीतरी काम करून घेत असते: कुठे सोडियमबरोबर ग्लुकोज आत ओढले जाते, कुठे अमिनो आम्ल, कुठे त्याच्या बदल्यात कॅल्शियम किंवा आम्लाचे आयन बाहेर टाकले जातात, आणि चेतापेशीत तर सोडियम आत घुसणे हाच संदेश असतो. पेशी एटीपी खर्च करून उतार तयार करते आणि त्या उतारावर असंख्य कामे करून घेते. वाटा बंद केल्या तर उतार शाबूत राहील, पण त्याचा उपयोग शून्य होईल. यातच वेगाचाही विचार येतो. पंप सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे करतो, तर उघडलेल्या एका आयन मार्गिकेतून सेकंदाला एक कोटी किंवा त्याहून अधिक आयन जाऊ शकतात. पायात काटा रुतल्याचे क्षणात कळते ते मार्गिकांमुळे. पंपाने मागे सावकाश, अखंडपणे उतार राखलेला असतो म्हणून मार्गिकांना ते साधते.

रक्ततपासणी_बेळगाव:

सरांच्या विवेचनाला माझ्या कामातली एक गोष्ट जोडतो, कारण पंप बंद पडला आणि गळती मात्र चालू राहिली तर काय होते ते आमच्या टेबलावर अधूनमधून प्रत्यक्ष दिसते.

तालुक्याच्या एका संकलन केंद्रातून आमच्याकडे एका वयस्क बाईंचा रक्तनमुना आला होता. तो सकाळी घेतला होता, गुठळी झाल्यावर तसाच बर्फाच्या डब्यात ठेवला होता, आणि आमच्याकडे पोहोचायला संध्याकाळ झाली. पोटॅशियम निघाले 6.8. निरोगी माणसात ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असते, आणि 6.8 म्हणजे हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतील अशी पातळी. मी नळी उजेडाकडे धरून पाहिली. वरचा द्रव स्वच्छ पिवळसर होता, लालसर झाक नव्हती, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या नव्हत्या. डॉक्टरांशी फोनवर बोललो. बाई घरात हिंडत-फिरत होत्या आणि त्यांचा हृदयाचा आलेख निर्दोष होता. त्यांना समोर बोलावून रक्त घेतले, लगेच फिरवून रक्तजल वेगळे केले आणि तपासले, तेव्हा आकडा 4.3 आला.

याचे कारण सरांनी सांगितलेल्या पंपातच आहे. तांबड्या पेशीत तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणारे भाग, नसतात, त्यामुळे ती सगळे एटीपी ग्लुकोज अर्धवट तोडूनच मिळवते. बर्फाजवळच्या तापमानाला ही प्रक्रिया मंदावते आणि पंप जवळजवळ थांबतो, पण आतले पोटॅशियम बाहेर झिरपणे त्या प्रमाणात थांबत नाही. पेशी न फुटताही रक्तजलातले पोटॅशियम तासातासाने वाढत जाते आणि माणूस ठणठणीत असूनही अहवाल भीतिदायक येतो. म्हणून पोटॅशियमचा नमुना दूरवर पाठवायचा असेल, तर आधी रक्तजल वेगळे करावे आणि मगच ते थंड ठेवावे. अखंड रक्त बर्फात ठेवणे म्हणजे नमुना जपणे, असा समज अनेक संकलन केंद्रांत आहे आणि त्याने रुग्णांचे नुकसान होते. रक्तपेढीत 2 ते 6 अंशांवर साठवलेल्या पिशवीतही हेच घडते. दिवस जातील तसे पिशवीतल्या द्रवातले पोटॅशियम वाढते, आणि म्हणूनच नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे झाल्यास शक्यतो ताजी पिशवी निवडतात.

कृष्णाकाठ_अथणी:

मी शेतकरी आहे, विज्ञान बारावीपर्यंत शिकलो. ही चर्चा वाचताना आमच्या उपसा योजनेचे चित्र डोळ्यांसमोर आले. नदीचे पाणी मोटर लावून उंचावरच्या टाकीत चढवायचे, वीजबिल तिथे भरायचे, आणि मग टाकीतून पाणी आपल्या उताराने पाटापाटांनी प्रत्येकाच्या सरीत जाते. सरीपाशी पुन्हा मोटर लागत नाही. टाकीची तोटीच काढून टाकली तर टाकी भरलेली राहील, पण ऊस वाळेल. सोडियमचे असेच म्हणावे काय?

आणि माझा एक प्रश्न आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या भागातला ऊस अनेक दिवस पाण्याखाली राहिला, आणि त्यानंतरही जोराचा पाऊस झाला की काळ्या रानात पाणी तुंबते. अशा वेळी ऊस पिवळा पडतो. रानात खत भरपूर टाकलेले असते, पाणी तर नको तेवढे असते, तरी पीक उपाशी असल्यासारखे दिसते. एक बेट उपटून पाहिले, तर पांढरी मुळी कुठे दिसेना. सगळी मुळे तपकिरी-काळी पडलेली, बोटांनी ओढले की साल निघून येत होती आणि सडक्या अंड्यासारखा वास येत होता. जुनी माणसे म्हणतात, वाफसा आल्याशिवाय खत टाकू नको. याचा या पंपाशी काही संबंध आहे काय?

चिकोडी_कृषी_पदवीधर:

काका, संबंध थेट आहे. मी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात शिकलो. वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रात मला सर्वांत उपयोगाचा वाटलेला भाग हाच होता.

तुमची उपसा योजनेची उपमा बऱ्याच अंशी चालते, पण एका ठिकाणी ती अपुरी पडते आणि तो भाग महत्त्वाचा आहे. टाकीतून खाली येणारे पाणी फक्त स्वतः खाली येते. पेशीत उतारावरून येणारा आयन येताना दुसऱ्या पदार्थाला त्याच्या उताराच्या विरुद्ध ओढून आणतो, कारण दोघांना एकत्र धरल्याशिवाय वाहक प्रथिन आकारच बदलत नाही. याला दुय्यम सक्रिय वहन म्हणतात. एटीपी त्या वाहकाने खर्च केलेले नसते, ते पंपाने आधीच खर्च केलेले असते.

वनस्पतींत या कामासाठी सोडियम वापरले जात नाही. मुळाच्या पेशीतला पंप एटीपी खर्चून हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, बाहेर मातीच्या पाण्यात टाकतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने 120 ते 200 मिलिव्होल्टपर्यंत ऋण होते आणि मुळालगतची माती किंचित आम्लधर्मी होते. नायट्रेट ऋणप्रभारित असल्यामुळे आतल्या ऋण बाजूकडे ते आपण होऊन जाणार नाही. ते दोन प्रोटॉनांच्या जोडीने वाहकातून आत येते. रानातल्या पाण्यात नायट्रेट विरळ असले तरी मुळाच्या आत ते कितीतरी पटींनी साठते ते यामुळे. पोटॅशियम धनप्रभारित असल्याने बहुतेक वेळा विद्युतप्रभाराच्या ओढीने मार्गिकेतून आत येते, पण ती ओढही पंपानेच निर्माण केलेली असते.

आता तुंबलेल्या रानाकडे पाहू. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी सावकाश तो पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की असलेला ऑक्सिजन मुळे आणि जिवाणू थोड्याच काळात संपवून टाकतात. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजपासून पेशीला 30 च्या आसपास एटीपी मिळतात, तो नसताना फक्त 2. एटीपी नाही म्हणून प्रोटॉन पंप मंदावतो, पंप मंदावला म्हणून नायट्रेटची वाट बंद होते. मूळ खतात बुडालेले असूनही पान उपाशी राहते, ते असे. तुम्हाला आलेला वास हायड्रोजन सल्फाइडचा होता. ऑक्सिजन संपल्यावर मातीतले काही जिवाणू सल्फेटवर श्वसन करतात आणि तो वायू सोडतात, आणि तो मुळांना विषारी असतो. मात्र पिवळेपणाचा सगळा भार पंपावर टाकणे बरोबर नाही. तुंबलेल्या रानात दुसरे जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, म्हणजे दिलेल्या नत्रातला एक भाग हवेतच निघून जातो.

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था. त्या अवस्थेतच मुळाला ऑक्सिजन मिळतो, एटीपी तयार होते आणि पंप चालतो, म्हणून जुन्या माणसांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पाणी निघाल्यावर पहिले काम निचऱ्याचे, चर मोकळे करण्याचे. नवी पांढरी मुळी फुटताना दिसली की जमिनीतून खत द्यावे. तोवर पीक सावरायचेच असेल, तर विरघळणाऱ्या खताची पानांवर हलकी फवारणी करावी, कारण पान हवेत असते आणि त्याच्या पेशींना ऑक्सिजनची वाण नसते.

कृष्णाकाठ_अथणी:

फार उपयोगी उत्तर दिलेत. आमच्याकडे नदीकाठची बरीच जमीन क्षारपड झाली आहे. तिथेही ऊस खुरटतो. तिथे पाणी तुंबलेले नसले तरी का खुरटतो, तेही सांगावे.

चिकोडी_कृषी_पदवीधर:

क्षारपड रानात दोन संकटे एकदम येतात. मातीच्या पाण्यात क्षार दाटल्यामुळे मुळाला पाणीच ओढता येत नाही, हे पहिले. दुसरे असे की, आतली बाजू ऋण असल्यामुळे सोडियम मार्गिकांतून आपण होऊन आत शिरते, आणि पेशीच्या द्रवात ते साठले तर विकरांचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे, काम बिघडते. वनस्पती ते दोन प्रकारे हाताळतात. काही सोडियम पटलावरचा एक वाहक प्रोटॉन आत घेऊन त्याच्या बदल्यात बाहेर टाकतो, आणि काही रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडले जाते. दोन्ही कामे प्रोटॉनांच्या उतारावर होतात, म्हणजे दोन्हींचा खर्च शेवटी पंपाच्या माथी येतो. कांडी वाढवायला जी ऊर्जा लागली असती ती सोडियम हुसकण्यात जाते, आणि ऊस जिवंत राहून खुरटतो.

उपाय ठरवण्याआधी मातीपरीक्षण करून जमीन क्षारयुक्त आहे की चोपण आहे हे पाहावे. चोपण जमिनीत जिप्समचा उपयोग होतो, कारण त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम सोडवते. पण सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया जातात. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून केलेला निचरा खर्चिक असतो, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून केला तरच तो परवडतो.

टिळकवाडी_शिकवणी:

सर्वांचे आभार. दुय्यम सक्रिय वहनाचे माणसातले ठळक उदाहरण म्हणून पुस्तकात आतड्यातले ग्लुकोज दिले आहे, पण एका ओळीत. त्यावर कोणी लिहू शकेल काय? पेशीय भक्षण आणि पेशी उत्सर्जन यांनाही ऊर्जा लागते, पण त्यात पटलाच्या पिशव्याच आत-बाहेर जातात आणि त्याची यंत्रणा वेगळी आहे, म्हणून ते मी स्वतंत्र धड्यासाठी ठेवते.

परिचारिका_निपाणी:

ताई, आतड्यातल्या ग्लुकोजविषयी मी लिहिते, कारण जुलाबाच्या दिवसांत मला हे रोज कोणाला ना कोणाला समजावून सांगावे लागते.

लहान आतड्याच्या पेशीला दोन बाजू असतात. रक्ताकडच्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप बसलेले असतात आणि ते पेशीतले सोडियम सतत रक्ताकडे काढत राहतात, म्हणून पेशीच्या आत सोडियम कमी राहते. अन्नाकडच्या बाजूला एक वाहक प्रथिन असते, जे दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र मिळाल्यावरच दोघांना आत घेते. दोन्ही पदार्थ पेशी ओलांडून रक्तात गेले की त्यांच्यामागे पाणी जाते. सोडियम आणि ग्लुकोज यांची ही जोडी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1960 मध्ये प्राग येथील परिषदेत मांडली.

पटकीत (कॉलऱ्यात) जिवाणूचे विष आतड्याच्या पेशीकडून क्लोराइड बाहेर सोडवते, त्याच्या मागोमाग पाणी वाहून जाते आणि माणूस काही तासांत कोरडा पडतो. परंतु सोडियम आणि ग्लुकोज यांचा हा वाहक त्या विषाने बिघडत नाही. नुसते पाणी पाजले किंवा नुसते मीठ-पाणी पाजले तर ते फारसे शोषले जात नाही. त्यात योग्य प्रमाणात ग्लुकोज घातले की बिघडलेले आतडेसुद्धा पाणी ओढून घेते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. एका वाहक प्रथिनाच्या ज्ञानाने एवढे जीव वाचले, याची मला आजही धन्यता वाटते.

आताच्या जलसंजीवनीच्या पुडीत, एक लिटर पाण्यात कालवल्यावर, सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल असते. जागतिक आरोग्य संघटनेने हे प्रमाण 2002 मध्ये स्वीकारले. त्याआधीचे द्रावण अधिक दाट होते. आमच्याकडे बायका मूल पिईल म्हणून त्यात आणखी दोन चमचे साखर घालतात, किंवा लिटरची पुडी एका तांब्यात कालवतात. तसे करू नये. वाहक जेवढे नेऊ शकतो त्यापेक्षा जास्त साखर आतड्यात शिल्लक राहिली, तर ती शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा कमी-जास्त नको. थोड्या-थोड्या वेळाने चमच्याचमच्याने पाजावे.

वैद्यकीय_अधिकारी_हुक्केरी:

या धाग्यात पंप बंद पडण्याची आणखी एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे बांधावर आणि अंगणाच्या कडेला पिवळी कण्हेर सर्रास लावलेली असते. तिच्या फळातल्या बिट्ट्यांनी आपल्यापैकी अनेक जण लहानपणी खेळलेले आहेत. त्या बियांत, आणि तांबड्या-पांढऱ्या कण्हेरीच्या सगळ्या भागांत, सोडियम-पोटॅशियम पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटून तो अडवणारी द्रव्ये असतात. विष पोटात गेल्यावर उलट्या होतात, नाडी मंदावते किंवा अनियमित होते, आणि रक्तातले पोटॅशियम वाढते, कारण स्नायूंच्या पेशी ते आत घेईनाशा होतात. मुलाने बी चावल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता हृदयाचा आलेख काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. जनावरांपासूनही ही झाडे दूर ठेवावीत.

याच जातीचे द्रव्य अत्यंत मोजून दिले तर औषध ठरते. इंग्लंडमधले वैद्य विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीचा उपयोग लिहून ठेवला, आणि तिच्याच वर्गातील डिजॉक्सिन आजही काही हृदयरुग्णांना दिले जाते. ते मोजकेच पंप अडवते. पेशीत सोडियम किंचित वाढते, त्यामुळे सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर टाकणाऱ्या वाहकाचा जोर कमी होतो, हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम थोडे अधिक राहते आणि आकुंचन जोरकस होते. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार कमी असल्यामुळे हे औषध घेणाऱ्याने मनाने गोळी वाढवू नये.

शास्त्रज्ञांनाही या द्रव्यांनीच वाट दाखवली. डेन्मार्कमधील येन्स स्कोव यांनी खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंचा लगदा घेऊन, सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतानाच एटीपी जोमाने तोडणारे विकर 1957 मध्ये प्रसिद्ध केले. हे विकर म्हणजेच पंप आहे याचा भक्कम पुरावा पुढे मिळाला, तो कण्हेरीतल्या द्रव्यांच्या जातीचेच ओवाबेन त्याला अडवते हे दिसल्यावर. 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा स्कोव यांना मिळाला.

जाता जाता पित्ताच्या गोळ्यांविषयी लिहितो, कारण त्या घरोघरी खाल्ल्या जातात. जठरातल्या पेशी पोटॅशियमच्या बदल्यात प्रोटॉन बाहेर टाकतात, रक्ताच्या मानाने दहा लाख पटींहून अधिक संहतीपर्यंत. ओमेप्राझोल तो पंप कायमचा निकामी करते आणि नवे पंप तयार होईपर्यंत आम्ल कमी राहते. काम करत असलेल्या पंपावरच ती गोळी लागू पडते, म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने ती घेत राहणे योग्य नाही.

रक्ततपासणी_बेळगाव:

सरांनी दिलेल्या हिशेबावरून एक शंका आली. पंपाचा खर्च 44 किलोज्यूल आणि एटीपीतून मिळतात 50 ते 55, म्हणजे अंतर फारसे नाही. उतार आणखी तीव्र केला आणि एटीपी कमी केले, तर पंप उलट्या दिशेने चालेल काय?

खानापूर_निवृत्त_शिक्षक:

चालतो, आणि तो तुमच्याच तांबड्या पेशींत चालवून दाखवलेला आहे. गॅराहन आणि ग्लिन या दोघांनी 1967 मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर आणि एटीपी कमी, बाहेर सोडियम भरपूर, अशी परिस्थिती त्यांनी निर्माण केली आणि पेशींना किरणोत्सारी फॉस्फेट दिला. तो फॉस्फेट एटीपीत जोडला गेलेला आढळला. ओवाबेन घातल्यावर ते जोडले जाणे थांबले, म्हणजे ते काम पंपाचेच होते. सोडियम आपल्या उताराने आत येत होते, पोटॅशियम बाहेर जात होते आणि एटीपी तयार होत होते.

रोजच्या जीवनात तांबडी पेशी असे कधी करत नाही, कारण तिचा उतार तेवढा तीव्र नसतो. पण उतारावरून एटीपी बनवणे ही तंतुकणिकेची नित्याची रीत आहे. तिच्या आतल्या पटलातून अन्नाच्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर काढले जातात आणि ते परत येताना एका फिरत्या विकरातून येतात. ते विकर फिरले की एटीपी तयार होते. प्रोटॉनांचा उतार हाच अन्न आणि एटीपी यांच्यामधला दुवा आहे, ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, तेव्हा तिला पुष्कळ विरोध झाला. त्यांना 1978 मध्ये नोबेल मिळाले. ते विकर कसे चालते हे दाखवणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 च्या त्याच पुरस्काराचा उरलेला अर्धा वाटा मिळाला. चिकोडीच्या मित्राने तुंबलेल्या रानाविषयी जे 30 आणि 2 असे आकडे दिले, त्यांतले 30 मुख्यतः याच विकरातून येतात. ऑक्सिजन संपला की तंतुकणिकेतला प्रोटॉनांचा उतार ढासळतो, आणि मुळाच्या पटलावरच्या पंपाला लागणारे एटीपी तिथेच आटते.